आवाज येईपर्यंत

दोन बोटं रबरी बाळाच्या छातीवर टेकवून तिने तीसपर्यंत मोजलं. प्रत्येक दाबाला बाळाच्या आतून टक् असा आवाज आला. दाब पुरेसा खोल गेला की तो यायचा.

"यांचा हात बसलाय," प्रशिक्षक म्हणाल्या.

पाळणाघरातल्या बाकी चौघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रथमोपचाराची ही परीक्षा दर दोन वर्षांनी असायची. प्रमाणपत्राची मुदत संपली की तान्ह्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. तिची मुदत शनिवारी संपत होती.

"आता मोठं माणूस."

प्रशिक्षकांनी कमरेपर्यंतचा पुतळा पुढे सरकवला. ती गुडघ्यांवर बसली. आजवरच्या प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरातल्या फरशीवर अशीच आडवी व्हायची. जिवंत माणसावर सरावात जोर द्यायचा नसतो, म्हणून ती नुसते तळवे टेकवून मोजायची.

"गुदगुल्या करतेस की जीव वाचवतेस?" आई म्हणायची. "आटप, गॅसवर भाजी आहे."

चार महिन्यांपूर्वी आई त्याच फरशीवर कोसळली. रुग्णवाहिका येईपर्यंत अकरा मिनिटं ती आईची छाती दाबत आणि मोजत राहिली. नंतर आईच्या देहावरचे कपडे बदलताना बाबांनी तिच्या छातीवरून हात फिरवला होता.

"एक वळसुद्धा उमटला नाही गं. किती जपून केलंस."

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत. तीही त्या वाक्याच्या आधाराने दिवस ढकलत होती.

एक, दोन, तीन. पुतळ्यातून आवाज आला नाही.

"हलकं होतंय."

तिने कोपरं ताठ केली. दहा झाले, पंधरा झाले. आवाज नाही.

"थोपटतेय ती, मॅडम," मागून एक जण म्हणाली. "अख्खी खोली झोपवते रोज, सवयच लागलीये." सगळ्या हसल्या.

तिचे हात थांबले.

"मी मोठ्या माणसाला एवढंच दाबते," ती म्हणाली. "जास्त दाबलं तर लागेल ना."

"लागू दे. छाती दोन इंच तरी आत जायला हवी. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही. बरगडी पुन्हा जुळते, बाई."

"आणि एवढं आत गेलंच नाही तर?"

प्रशिक्षकांनी तिच्याकडे पाहिलं.

"काहीच न करण्यापेक्षा बरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुन्हा करा."

तिने सगळं अंग हातांवर टाकलं. टक्. टक्. तीस झाले, पुन्हा तीस झाले. "पुरे, झालात पास," असं दोनदा सांगूनही ती थांबेना, तेव्हा मघाशी हसवणारीनेच येऊन तिचे खांदे धरले.

संध्याकाळी दार बाबांनी उघडलं.

"झालीस पास?"

"झाले."

"होणारच. तुझ्या हाताला काय शिकवणार ते? आईच्या वेळी पाहिलंय ना मी." त्यांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला. "साधा ओरखडा उठू दिला नाहीस."

लाल झालेला तळवा मिटून घेत तिने दुसऱ्या हाताने पिशवी त्यांच्याकडे दिली.

"हो बाबा," ती म्हणाली. "जपूनच केलं होतं."