उचललं तर एक, नाही तर शून्य

रामहरी सर सोलापुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. त्यांची बायको विजयमाला केम गावची, सातवीपर्यंत शिकलेली. सर घरी हौसेनं सांगायचे, "एक आणि शून्य, एवढ्यात सगळं लिहिता येतं." ती "व्हय, व्हय" म्हणत कामाला लागायची.

मग सरांना पक्षाघात झाला. घरी आणले तेव्हा डोळे उघडे होते, पण नजर कुणावर ठरत नव्हती. नळीनं पेज द्यायची, कूस बदलायची, उत्तर येत नसताना बोलत राहायचं, यात तिचा उन्हाळा गेला.

एका सकाळी अंग पुसताना तिला सरांचं उजवं बोट उचललेलं दिसलं. पुढच्या श्वासाला ते पडूनच राहिलं. त्याच्या पुढच्याला पुन्हा उचललं. तिनं हुस्नाला फोन लावला. हुस्ना सरांची विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवत होती.

"लवकर ये, पोरी. सर बोलाय लागलेत. त्यांच्या त्या एक-शून्यात."

हुस्ना आली. बोट बघून तिच्या अंगावर काटा आला. तिनं सहा वाट्या ओळीनं मांडल्या. "काकू, उजवीकडची वाटी एकाची. तिच्या डावीकडची दोनाची, मग चाराची, आठाची, सोळाची, बत्तिसाची. डावीकडून सुरू करायचं, एका श्वासाला एक वाटी. बोट उचललं तर वाटीत शेंगदाणा टाकायचा, नाही तर वाटी रिकामी. भरलेल्यांची बेरीज म्हणजे आकडा. आणि क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, असं पुढं."

"मंजी हाय किंवा न्हाय, एवढंच की! अन् हे इतकी वर्षं मला अवघड वाटत हुतं?"

ती उशाशी बसून वाट्या भरू लागली. भ आला, झ आला, ठ आला; जुळेना काही. एका दुपारी मात्र बत्तिसाची वाटी रिकामी राहिली, सोळा, आठ, चार भरल्या, दोनाची रिकामी, एकाची भरली. एकोणतीस. व. तिच्या नावाचं पहिलं अक्षर. ती ओरडतच रडायला लागली.

हुस्ना कॉलेज सुटताच आली. सरांच्या कानाशी वाकून म्हणाली, "सर, ऐकू येत असेल तर बोट थांबवा." बोट तसंच हलत राहिलं. "बरं, प्रत्येक श्वासाला उचला." बोटात फरक पडला नाही. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. मग डॉक्टरांना बोलावलं. ते बराच वेळ तपासून म्हणाले, "हे झटके आहेत. झोपेतही येतात. त्यांना कळत नाही, बाई."

"मग व कसा आला?" विजयमालानं हुस्नाचा हात धरला.

हुस्नाला बोलणं जड गेलं. "काकू, कशालाही हाय-न्हाय म्हणून मोजलं की आकडा निघतोच. फांदी हलली तरी निघेल. बोलणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं आधी ठरवलेलं असलं तरच त्याचं अक्षर होतं. ते आपण दोघींनीच ठरवलं. सरांना विचारलंच नाही."

"त्यांनी सांगितलं तवा मी शिकले न्हाय. आता मी शिकले, तर ते न्हाईत."

हुस्नानं सरांचं पांघरूण सारखं केलं. ती गेल्यावर विजयमालानं वाट्या धुऊन फळीवर ठेवल्या आणि सरांचं बोट मुठीत घट्ट धरून बसली. मुठीतही ते उडत होतं. तिनं डोळे मिटले, तोंड फिरवलं, मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. तरी मनातली बेरीज चालूच होती. सोळा, आठ, दोन. सव्वीस. य.