पाणंद वापरात आहे

सूचना पाणंदीच्या तोंडाशी खांबाला ठोकलेली होती. पिवळा कागद, वर प्लास्टिक. मिरेयने ती सायकलवर बसूनच वाचली, मग उतरून पुन्हा वाचली. वस्तीपासून खाली नदीकडे जाणारी पाणंद लोकांच्या वापरात राहिलेली नाही, म्हणून गावाची पालिका ती शेजारच्या जमीनमालकाला विकणार आहे. कोणाची हरकत असल्यास चौकशी अधिकाऱ्यापुढे मांडावी.

शेजारचा जमीनमालक फाटकाला रेलून उभाच होता.

"वाचलंस? की माझा चष्मा देऊ?"

रेजिस आणि ती एकाच वर्गात शिकली होती, त्यामुळे त्याच्या बोलण्याचं तिला फारसं काही वाटत नसे. पाणंदीच्या दोन्ही अंगांना त्याची कुरणं होती आणि त्यांत त्याच्या तांबड्या गायी. मधली पट्टी मिळाली की दोन कुरणांचं एक होणार होतं.

"वापरात नाही म्हणे," मिरेय म्हणाली. "मी रोज कुठून जाते मग? आकाशातून?"

"तू एकटी म्हणजे लोक का? आणि त्या जाड टायरांवरून जी सुटतेस, त्यावरून तू माणूस की ससा तेच कळत नाही. गाडी घे एखादी. सगळे घेतात."

गाडी घे, असं तिला डॉक्टरनेही सांगितलं होतं. मिरेय खाली नदीकाठच्या गावात, दूध तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे जायला डांबरी रस्ता होता, पण त्यावरून पठारावरच्या जंगलातले लाकडाचे ट्रक धावत. मागच्या वसंतात अशाच एका भरलेल्या ट्रकने तिला न शिवता, नुसत्या वाऱ्याच्या झोताने गटारात फेकलं होतं आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हाड जुळल्यावर तिने ही खडीवर चालणारी सायकल घेतली. ही वाट उतरून गेलं की पुढे जंगलातला मुरमाचा रस्ता, मग रूळ उखडलेली जुनी रेल्वेची वाट, आणि थेट गाव. एकही ट्रक नाही. सकाळी फार तर एखादं हरीण भेटायचं. त्या साखळीतली ही एक कडी निखळली, तर एका बाजूला नदीचा कडा होता आणि दुसऱ्या बाजूला ट्रक. म्हणजे सायकल भिंतीला टांगायची.

ती टांगायची नाही, हे तिने खांबापाशीच ठरवलं.

तिने घरोघर जाऊन विचारलं. शिकारी म्हणाले, आम्ही तिथूनच जातो. अळंबीवाले म्हणाले, आमचे आजोबाही तिथूनच जायचे. त्यामुळे अधिकारी पाहणीला आले तेव्हा मिरेय निर्धास्त होती. देल्पेश नावाचे हे गृहस्थ निवृत्त भूमापक होते. त्यांच्या पायांत रबरी बूट होते आणि हातात नकाशा. पाणंदीच्या तोंडाशी ते थांबले, नकाशा फिरवला, पुन्हा थांबले.

"मादाम, तुम्ही म्हणता ती वाट कुठली?"

"ही काय." तिने मळलेली वाट दाखवली. फाटकातून कुरणात शिरून, भिंतीच्या कडेकडेने गवतातून उतरणारी.

"ही यांच्या कुरणात आहे. पाणंद ती." त्यांनी भिंतीच्या पलीकडे बोट केलं.

दोन दगडी भिंतींच्या मधे, पुरुषभर खोल, ब्लॅकबेरीच्या जाळ्यांनी झाकलेला काळोख होता. आत कुठेतरी पाणी वाजत होतं. मिरेय बघत राहिली. इतकी वर्षं ती शेजारून गेली होती आणि त्या काळोखाला ती पाणंदीची भिंत समजत आली होती. रेजिसच्या बापाच्या वेळेपासून सगळे असेच जात. पाणंदीत झरा फुटतो, पाय भिजतात. वर कोरडं गवत. फाटक उघडायचं, मागे लावायचं, गायींना बाजूला व्हा म्हणायचं आणि निघायचं.

"मी कधी कोणाला अडवलं नाही," रेजिस गोड आवाजात म्हणाला. "माझ्या बापानेही नाही."

"तेच तर," देल्पेश म्हणाले. "लोक जातात ते तुमच्या मेहेरबानीवर. पाणंदीतून कोणी जात नाही. चौकशीची मुदत संपताना मी पुन्हा येईन. पण मादाम, जे डोळ्यांना दिसेल तेच मी लिहिणार."

त्या दिवशी प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासताना तिच्या मनात तेच घोळत होतं. चूक रेजिसची नव्हती, पालिकेचीही नव्हती. सगळ्या वस्तीने पाय कोरडे ठेवता ठेवता वाट मारली होती, आणि त्यात तिचे टायरही होते.

सुट्टीच्या दिवशी ती विळा, करवत आणि चामडी हातमोजे घेऊन पाणंदीत उतरली. जाळ्या खालून कापायच्या, वर ओढायच्या, भिंतीवर टाकायच्या. काटे बाहीतून आत शिरत. आडवं पडलेलं चेस्टनटचं झाड कापून बाजूला करता करता दुपार गेली. मग तिने पाण्याचा माग काढला. झरा भिंतीतून येत होता आणि जुन्या लोकांनी त्याला पलीकडे जायला दगडी मोरी केली होती. ती पानांनी आणि गाळाने तुंबली होती. मिरेय पालथी पडली, खांद्यापर्यंत हात घालून तिने गाळ उपसला. शेवटी आतून घुसळल्यासारखा आवाज झाला आणि पाणी खाली बसायला लागलं.

"भुयार खणतेस का गं?" वरून रेजिसचा आवाज आला. "तुरुंग कुठला फोडायचा आहे?"

"खाली ये, करवत धर, मग सांगते."

तो आला नाही. ती संध्याकाळी सायकल खांद्यावर घेऊन, निसरड्या दगडांवरून, पाणंदीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडली. दुसऱ्या दिवसापासून ती तिथूनच जाऊ लागली. आधी ढकलत, मग हळूच बसून.

पण चिखलात उमटत होता तो एकट्या तिच्याच टायरचा माग. बाकीचे फाटकातूनच जात. तिने समजावून पाहिलं. शिकारी म्हणाले, "वर गवत असताना खाली चिखलात? डुकरं आहोत का आम्ही?" रेजिसची आई लुसेत, जिला सगळी वस्ती मावशी म्हणायची, तिने तर मिरेयच्या गालाला हात लावला. "पोरी, तुझं म्हणणं खरं आहे. पण माझे गुडघे तुझं ऐकत नाहीत."

लोक बदलणार नव्हते. मिरेयने त्यावर सगळा रस्ताभर विचार केला आणि कामावरून येताना सरळ रेजिसच्या गोठ्यात गेली.

"तार लाव," ती म्हणाली.

"कसली तार?"

"कुरणाला. त्या साहेबांपुढे मेहेरबानी मिरवलीस ना? मला नको ती. आणि कोणालाच देऊ नकोस. जमीन तुझी आहे की नाही? की तार लावायलाही मेयरला विचारावं लागतं तुला?"

रेजिस लाल झाला. "माझ्या जमिनीत मी काय करायचं ते तू सांगणार?"

"मी कशाला सांगू? तुझ्याच्याने होत नसेल तर राहू दे."

दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप आणि भिंतीवर काटेरी तार होती. चांगली ताणलेली.

मग पाऊस पडला, त्यावर ऊन आलं, आणि ओकच्या झाडांखाली अळंबी फुटली. वस्तीतलं एकही माणूस घरात राहीना. टोपल्या घेऊन सगळे तारेपर्यंत यायचे, रेजिसला शिव्या घालायचे, मग मिरेयला घालायचे, आणि पाणंदीत उतरायचे. जाळ्यांची टोकं काठ्यांनी मोडत गेली. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी चिखल तुडवला. खालच्या वस्तीतल्या एका बाईने आपलं गाढवही तिथूनच नेलं.

देल्पेश दुसऱ्यांदा आले तेव्हा मिरेय कामावरून परतत होती, सगळ्यात हलक्या गिअरवर, चढावर. मधल्या अरुंद जागी ते समोर आले. तिने ब्रेक दाबला. त्यांच्या मागे एक शिकारी दोन कुत्री आवरत उभा होता, आणि तिच्या मागून लुसेतमावशी धापा टाकत येत होती.

"कोणीतरी मागे व्हा रे," शिकारी म्हणाला. "इथे आता वाहतुकीचा पोलीस ठेवा."

वर तारेला टेकलेल्या रेजिसने खाली वाकून पाहिलं. "आई? तू खाली काय करतेस?"

"तुझ्या तारेने माझा कोट फाडला, आणि वर विचारतोस? अळंबी काय तुझा बाप आणून देणार आहे वरून?"

देल्पेश हसले नाहीत. त्यांनी माग, मोरी, कापलेली खोडं नीट पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"मी तार काढतो," रेजिस घाईने म्हणाला. "आत्ता काढतो."

"कुरण तुमचं आहे," देल्पेश म्हणाले. "काढा, नाहीतर ठेवा. ही पाणंद वापरात आहे, असं मी लिहीन. पण निकाल पालिकेच्या परिषदेचा, आणि तिची बैठक हिवाळ्यात आहे. तेव्हा सभासद स्वतः बघायला येतील." ते मिरेयकडे वळले. "हिवाळ्यात इथे कसं असतं?"

"ओलं."

"मग?"

"मग ओली होऊन जाईन."

रेजिसने त्याच रात्री तार काढली. मूर्ख नव्हता तो. अळंबी संपली, पाऊस लागला, आणि फाटक पुन्हा सताड उघडं राहू लागलं. गवतातली मळलेली वाट पुन्हा दिसायला लागली.

डिसेंबरातल्या एका सकाळी मिरेय दोन्ही वाटांच्या तोंडाशी आली. रात्रभर पाऊस झाला होता. पाणंदीतून पाण्याचा आवाज येत होता. रेजिस फाटकात गायींना चारा टाकत होता.

"वरून ये गं," तो म्हणाला, आणि या वेळी आवाजात टोमणा नव्हता. "गवत कोरडं आहे. कोणी बघत नाही."

"राहू दे."

तिने पायातले मोजे घट्ट ओढले आणि सायकल खाली वळवली. पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं. बूट भरले. ती थांबली नाही. थांबलं तर टायर रुततो.

मागे कोणीतरी काठी आपटली. लुसेतमावशी, औषधं आणायला निघालेली, फाटक आणि पाणंद यांच्या मधे उभी होती. तिने गवताकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि एक शिवी हासडली.

"ए पोरी, हळू जा जरा! पाणी उडवू नकोस, मी मागे आहे."