वच्छीच्या हाताची मूठ

नाटकातली तलवार म्हणजे फळीला चिकटवलेली बेगड, असं कुणी म्हणालं की सोलापूरच्या नवी पेठेमागच्या बोळातला धोंडीराम लोहार दोन दिवस त्याच्याशी बोलायचा नाही. त्याच्या तलवारीला धार नसायची, एवढंच. बाकी वजन, वाक, मूठ, सगळं जुन्या मराठी तलवारीबरहुकूम.

बत्तीस साली एका नाटक कंपनीने त्याला अकरा तलवारी सांगितल्या. त्या बघायला कंपनीचा मुख्य नट हिंदुराव आला, तो काखेत एक खरीखुरी जुनी तलवार मारूनच. दोन हातांत दोन घेऊन त्याने जोखल्या. तोल तोच. मग मनगट मुरडून पाहिलं. मुठीवरची लोखंडी वाटी मनगटाला जिथं अडायला हवी तिथंच अडली.

"हात खांद्यातनंच फिरवावा लागतोय. जुनीसारकाच," तो म्हणाला. धोंडीरामाच्या मिशा हसल्या.

"पण मामा, करंगळी भाईर राहती माजी."

"जुन्या मुठी आवळच असत्यात."

हिंदुरावाने वाद घातला नाही. जुनी मूठ धरून दाखवली, चारही बोटं आत. मग अकराच्या अकरा नव्या धरल्या. प्रत्येक वेळी करंगळी बाहेर.

"ही बाईमाणसाच्या हाताची मूठ हाय मामा. माप कुणाचं घेतलंत?"

भात्यापाशी बसलेली धोंडीरामाची बायको बनाबाई मान खाली घालून म्हणाली, "आमच्या वच्छीचं."

वच्छला ही त्यांची एकुलती एक लेक. परकर नेसायची तेव्हापासून बापाने केलेली प्रत्येक तलवार आधी तिच्या हातात जायची. दोनदा फिरवून ती सांगायची, "आबा, टोक जड हाय," आणि ते जडच असायचं. तिला वैरागला दिली. गेल्या मार्गशीर्षात पहिल्याच बाळंतपणात ती गेली. निरोप सोलापुरात पोचला तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी धोंडीरामाने भट्टी पेटवली. काय काळीज म्हणायचं का लोखंड, असं बोळातले लोक बोलले. लोकांना काय, बोलायला तोंड असतं.

मुठीच्या मापाची काडी त्या घरात कधी नव्हतीच. वच्छीचा हात त्याच्या हाताला पाठ होता. तिच्यासाठीच घडवतोय हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. त्याची स्वतःची करंगळी तर त्या मुठींबाहेर कायमच राहायची.

"चुकलं माझं. बदलून देतो," तो म्हणाला.

"अवो, एक तरी ऱ्हाऊ द्या की," बनाबाई म्हणाली.

"अकरा सांगितल्यात, अकरा द्यायच्या. वच्छीची मूठ काय, कवाबी करीन. हातात हाय माझ्या."

हिंदुरावाने पंजा पुढे केला. धोंडीरामाने दोऱ्याने माप घेतलं. मुठींतली राळ तापवून पाती सोडवली, वच्छीच्या मापाच्या मुठी भट्टीत घातल्या आणि आठ दिवसांत अकरा नव्या मुठी ठोकल्या. हिंदुराव खूश होऊन तलवारी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धोंडीराम लेकीची मूठ करायला बसला. बनाबाईने न सांगता भाता धरला. दोरा त्याने मुद्दाम आत खुंटीला टांगून ठेवला होता. दुपारपर्यंत मूठ घडली. पाण्यात विझवून त्याने ती धरली. त्याची चारही बोटं ऐसपैस बसली, करंगळीसुद्धा.

त्याने ती मोडली. पुन्हा केली, डोळे मिटून, वच्छी समोर बसलीय असं धरून. पुन्हा चारही बोटं आत. तिसऱ्यांदा मुद्दाम आखूड केली, तर तीन बोटंही मावेनात. ती तर कुणाचीच नव्हती.

"झाली का वच्छीची?" बनाबाईने विचारलं.

"माझा हात इसरला गं तिला," धोंडीराम म्हणाला. आणि वैरागचा निरोप आल्यापासून पहिल्यांदाच, ऐरणीवर डोकं टेकून, तो रडला.