डावऱ्याची गाडी

"हा माणूस डावरा होता," मिस्त्री डॅशबोर्डखालून म्हणाले. गाडीबाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते. "आणि डोक्याने अर्धा. लिहा वहिनी, नोंद सत्तावीस. हीटरच्या नळीला क्लिपऐवजी तार. तीही उलटी पिळलेली."

मी लिहिलं. 'डोक्याने अर्धा' तेवढं गाळलं.

माझं काम गाड्यांच्या सीटा शिवण्याचं. माझी खोली आणि मिस्त्रींचं गॅरेज यांच्यात एकच भिंत. माझा नवरा त्यांचा दोस्त. नवरा गेला, माझं 'वहिनी'पण मागे राहिलं. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे. मिस्त्रींची रीत अशी, की जुनी गाडी आली की आधी काही बसवायचं नाही, नुसतं काढायचं. कारखान्यातून निघाली तेव्हा जे नव्हतं ते सगळं बाहेर, आणि प्रत्येकाची वहीत नोंद. कारखान्यातल्या माणसावर त्यांची इतकी श्रद्धा, की त्याच्यानंतर ज्याने ज्याने गाडीला पाना लावला तो त्यांच्या लेखी गुन्हेगार. एकेचाळीस वर्षांत आपण एकाही गाडीला एक जादा भोक पाडलेलं नाही, हे ते इतक्यांदा सांगत, की पाटीच लावा म्हणून मी सुचवलं होतं.

ही गाडी एकेकाळी कुणा बड्या साहेबाची असणार. लांब नाक, सहा सिलिंडर, लाकडी डॅशबोर्ड, कातडी सीटा. बड्या साहेबाकडून मधल्या साहेबाकडे, तिथून दलालाकडे, आणि शेवटी अशा कुणाकडे तरी, ज्याची ऐपत गाडी विकत घेण्यापर्यंत पोचली आणि तिथेच संपली. सीट उसवली की मला एवढं कळतं.

ओढत आणली ती औषधांच्या दुकानातल्या बाईंनी. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या.

"वडिलांची आहे. नव्यासारखी करा. एकही जुगाड ठेवू नका."

"केलेत कुणी एवढे?" मिस्त्रींनी विचारलं.

"आधीच्या मालकांनी असतील."

हे म्हणताना बाईंनी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. मी ते मनात टिपून ठेवलं. माणसांच्या अशा नोंदी माझ्याकडे बऱ्याच आहेत.

मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मीही नाही. पण रोज विचारतात, गाडी आणलीस का. एकदा त्यांना तिच्यात बसवायचंय. गाडी तरी ओळखतील."

"ओळखतील म्हणजे काय," मिस्त्री म्हणाले. "पहिल्या दिवशी होती तशी करून देतो."

तीन महिने नुसतं काढणं चाललं. साहेबलोकांच्या दुरुस्त्या वेगळ्या ओळखू येत: पैसे फेकलेले, लक्ष नाही. दाराच्या पोच्यात बोटभर जाड पुट्टी, गंजावर सरळ रंग. डावऱ्याची तऱ्हा निराळी. त्याच्याकडे हत्यारं नव्हती, सुटे भाग नव्हते, विद्याही नव्हती, पण सोडायला तयार नव्हता. काच खाली घसरू नये म्हणून लाकडाची पाचर, ती कानशीने घासून गुळगुळीत. पेट्रोलचा काटा बंद, म्हणून डिकीत एक काठी, तिच्यावर चाकूने पाडलेल्या खाचा. मागच्या दाराच्या खटक्याला दोरी, ती सीटखालून पार ड्रायव्हरच्या हातापर्यंत.

वायरी सगळ्या एकाच लाल रंगाच्या. ते बघून मिस्त्रींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग बघतात तो प्रत्येक वायरीला जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचं लेबल, त्यावर बारीक अक्षर. 'डावा दिवा.' 'उजवा दिवा.' 'पुसणी.' आणि एकावर, 'हिला हात लावू नये.'

मिस्त्रींनी लावला. हॉर्न बोंबलायला लागला तो बॅटरीची तार उपटेपर्यंत थांबेना. रस्त्यावरची माणसं आत डोकावली.

"त्याने बिचाऱ्याने लिहून ठेवलं होतं," मी म्हटलं.

"लिहा नोंद अडतीस. आणि हसू नका."

नोंद त्रेचाळीस म्हणजे बटण. गाडीचा स्टार्टर किल्लीने फिरत नसणार, म्हणून डावऱ्याने डॅशबोर्डच्या लाकडालाच भोक पाडून तिथे घराच्या दारावरच्या घंटीचं पांढरं बटण बसवलेलं. अंगठ्याने घासून मध्ये खळगा पडलेला. लाकडाचं ते भोक बघून मिस्त्री दोन दिवस जेवणावर रागावले होते. पण बटण टाकून दिलं नाही. ते त्यांनी आपल्या भिंतीवर लावलं आणि घंटी माझ्या खोलीत. चहा झाला की दाबायचे.

"गुन्हेगाराचं बटण चालतं का तुम्हाला?"

"बटण चांगलंय. बसवणारा चुकीचा."

बाकीच्या सगळ्या वस्तू पोत्यात भरून भंगारवाल्याला दिल्या. त्यात माझीही एक होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, तिरकी फळी ठोकलेली. वर स्पंज आणि जुन्या पडद्याचं कापड. टाके बघूनच कळलं, की शिवणाऱ्याने त्याआधी शर्टाचं बटणही लावलं नसावं. पण एकही टाका तुटला नव्हता. मी ती फळी उचकटली आणि पोत्यात टाकली. नोंद एकसष्ट.

मग सात महिने बसवणं. लाकडाचा पातळ पापुद्रा जुळवून मिस्त्रींनी डॅशबोर्डचं भोक असं बुजवलं, की मी बोट फिरवून शोधलं तरी सापडेना. गाडी कारखान्यातून निघाली होती तशी उभी राहिली.

बाई वडिलांना घेऊन आल्या ती सकाळची वेळ. बारीक अंगाचे गृहस्थ, शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. मुलीने हात धरून आणलं, ते अनोळखी माणसाने रस्ता ओलांडायला मदत केल्यावर येतात तसे संकोचून आले. मिस्त्रींनी दार उघडलं. बाईंनी त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

म्हाताऱ्यांनी समोर पाहिलं. मग त्यांचा डावा हात उठला आणि डॅशबोर्डवर गेला. अंगठा लाकडावरून फिरला. थोडा खाली. परत वर. गुळगुळीत लाकडावर तो अंगठा तीन-चारदा तीच जागा फिरून आला आणि मग हात मांडीवर येऊन पडला.

"फार सुंदर गाडी आहे हो," ते मिस्त्रींना म्हणाले. "कुणाची?"

"तुमचीच, बाबा," बाई म्हणाल्या.

"छे, छे." ते हसले आणि हळूच बाईंना म्हणाले, "यांना सांगा, आमची येईल इतक्यात. आम्ही बाहेर थांबतो."

मिस्त्री त्या डाव्या हाताकडे बघत होते.

"हे डावरे आहेत?"

"हो."

"हे सगळं..."

"त्यांनीच केलेलं. कोर्टात टायपिस्ट होते. गाडीची भारी हौस, आणि मिस्त्री परवडायचा नाही. सुट्टीच्या दिवशी गाडीखालीच असायचे." बाईंनी पर्सची चेन लावली, उघडली. "मी शाळेच्या एक गल्ली अलीकडे उतरायचे. घंटीचं बटण दाबून गाडी चालू करणारा बाप कुणाला दिसायला नको म्हणून. तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली."

मी वही पुढे केली. बाई उभ्या उभ्या वाचू लागल्या.

"ही दोरी माझ्यासाठी. चार वर्षांची असताना मी चालत्या गाडीत दार उघडलं होतं. त्यानंतर लावली." पान उलटलं. "काठी. खाच मोजायचं काम माझं." आणखी पानं. "ही फळी आईची. बुटकी होती, सीटवर बसली की पाय लोंबायचे, गुडघे दुखायचे. आईला न सांगता रात्री बसून शिवली होती त्यांनी." त्यांनी मान वर केली. "कुठेय?"

"भंगारात गेली," मिस्त्री म्हणाले. "सगळंच गेलं."



तेवढ्यात माझ्या खोलीत घंटी वाजली. दोनदा तोकडी, मग एकदा लांब. चहा झाला, असं वाटून माझा पाय उचललासुद्धा. पण मिस्त्री तर माझ्यासमोर उभे होते.

आम्ही वळलो. म्हातारे गाडीतून कधी उतरले कळलं नव्हतं. भिंतीपाशी उभे होते, डाव्या हाताचा अंगठा बटणावर, मान कलती करून कान देत.

"सकाळी जरा वेळ लावते," ते म्हणाले. आमच्यापैकी कुणाला नव्हे.

परत दोनदा तोकडी, एकदा लांब.

"असंच करायचे," बाई कुजबुजल्या. "दोनदा हलकं, मग धरून ठेवायचं."

मिस्त्रींचा गुडघा दुखरा आहे. इतके चपळ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ऑइलने माखलेल्या पँटने मी नवीन शिवलेल्या सीटवर ते धाडकन बसले आणि किल्लीवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिले. दोनदा तोकडी. मग लांब. लांबला त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन लागलं.

म्हाताऱ्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. भिंतीवरचा हात तसाच ठेवून त्यांनी गॅरेजच्या आतल्या अंधाराकडे तोंड केलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात हाक मारली, "ये गं! झाली सुरू. दार हळू लाव!"

बाईंची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, हे मला मागाहून कळलं. बाई जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"आले," त्या म्हणाल्या.

गाडी कितीतरी वेळ चालू होती.

जाताना मिस्त्रींनी भिंतीवरचं बटण उतरवलं, फडक्यात गुंडाळून बाईंच्या हातात दिलं. भिंतीतून दोन वायरी लोंबत राहिल्या, टोकांना काळी पट्टी. दुसऱ्या कुणी असं सोडलं असतं तर मला नोंद लिहावी लागली असती. चहा झाला की मिस्त्री भिंतीवर पाना आपटायला लागले. दुसरी घंटी बसवा म्हटलं की म्हणायचे, "बसवू."

हिवाळा संपता संपता बाई गाडी घेऊन आल्या. एकट्याच.

"उशाशी ठेवलं होतं ते बटण," त्यांनी सांगितलं. "कशालाच जोडलेलं नव्हतं, पण दाबायचे. दोनदा हलकं, एकदा धरून. मग वाट बघत बसायचे. मला बघवेना. शेवटी मी स्वयंपाकघरातून आवाज काढायला लागले. गाडी सुरू झाल्याचा. तोंडाने."

"तोंडाने?"

"हो. शेजारचे खिडकीतून बघायचे. बघू देत."

"कसा काढायच्या?" मिस्त्रींनी विचारलं. मला वाटलं, हे विचारायला नको होतं. पण बाईंनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. भर दुपारी, उघड्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या तिथून त्यांनी तो आवाज काढला. आधी घरघर, मग अडखळणं, मग लागलेलं इंजिन.

मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. "सहा सिलिंडरची आहे," ते म्हणाले. "आणखी थोडा खालून यायला हवा."

"त्यांना चालायचा."

बाईंनी पर्स उघडली आणि ते फडकं बाकड्यावर ठेवलं. "हे गाडीत बसवा. होतं तिथे."

"लाकडाला भोक पडेल."

"पडू दे."

मिस्त्रींनी ड्रिल घेतलं. भुसा फुंकरीने उडवला, आणि सरकत सरकत डॅशबोर्डखाली गेले. बाहेर पाय तेवढे राहिले. सवयीने मी वही उघडली होती.

"काय लिहू?"

"काही नको. टॉर्च धरा."

मी वाकून आत उजेड पाडला. त्यांनी पक्कड डाव्या हातात घेतली होती. नवख्या माणसासारखी ती दोनदा तारेवरून सटकली. तिसऱ्यांदा त्यांनी नीट धरली, आणि तार सावकाश उलट्या बाजूने पिळायला घेतली.