कणगी

‘लिंप गो बाई कणगी, शेणाच्या हातानं,
आखाडात जगू, कार्तिकाच्या भातानं.’

भात साठवायच्या बांबूच्या कणगीला आतून शेण लावताना आई हे गुणगुणायची. इतकी वर्षं झाली, तरी चढ चढताना तो आवाज रुपाच्या कानाशी यायचा. डोळखांबच्या दवाखान्यातली ती सिस्टर. पाडे फिरून गुडघे झिजले, नोकरीही सरत आली.

तिच्या म्हातारपणाची सोय होती. नवऱ्याची, धर्माची, कुठंच नव्हती. तो कणग्या विणायचा. घरोघर प्लास्टिकची पिंपं आली नि गिऱ्हाईक आटलं. म्हणून त्याच्या नावानं दर महिन्याला थोडं टाकायचं तिनं ठरवलं. खातं उघडायला त्याच्या बोटाचा ठसा हवा, आणि तो दर वेळी निसटायचा.

“मला कशाला? माझे हात हायेत ना!”

आज बँकेची हर्षाली मशीन घेऊन पाड्यावरच आली. रुपानं धर्माला ओट्यावर धरून बसवलं. अंगठा झाला, दुसरा झाला, मग एकेक बोट. मशीन काही घेईना.

“धर्मादादा, बोटं गहाण टाकलीव काय? रेघच उमटत नाय!”

“बांबूनं खाल्ली,” धर्मा हसला, सुटल्यासारखा.

“सिस्टर, शहापूरला न्या त्यांना. तिथं बोटाऐवजी डोळ्यावर काम होतं.”

हर्षाली गेली. रुपा खांबाला टेकली. चप्पल काढायचंही त्राण नव्हतं.

“उद्या जाऊ शहापूरला.”

“तुझा पैसा नको मला.”

“माझा-तुझा कवापास्नं झाला, अवो? मी नर्सिंग शिकत व्हते तवा कणग्या विकून फी कोणी भरली?”

तो अंगणात बघत राहिला. तिथं अर्धी कणगी पडली होती, शिमग्यापासून तेवढीच.

रुपानं सवयीनं त्याचा हात ओढून घेतला. करंगळीच्या मुळाशी खोल चीर होती, कडेनं पू धरलेला.

“हे कधी कापलं?”

त्यानं बोटाकडं पाहिलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

“दुखत नाय तुमाला?”

धर्मानं हात सोडवून घेतला नाही.

“कळत नाय गो,” तो म्हणाला. “शिमग्यापास्नं बोटांना कायच कळत नाय. बांबूची कामटी धरली का सुटते. हात हायेत, हात हायेत... नुसतं म्हणत व्हतो.”