घरात अजून कुणाला?

जानेवारीत दीक्षाच्या डोळ्यांची उघडझाप सुरू झाली तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पोरगी सहा वर्षांची, पहिलीत, नुकताच घशाचा ताप येऊन गेलेला, त्यात टीव्हीला नाक लावून बसायची सवय. डोळ्यांत थेंब घातले. थेंबांनी काय व्हायचं होतं? डोळे थांबले आणि मान सुरू झाली. मान थांबली तर उजवा खांदा कानाकडे उडायला लागला, आणि त्याच्या जोडीला घशातून एक बारीक 'हुं'. दिवसातून किती वेळा, ते मोजायचं सुद्धा स्वप्नालीनं सोडून दिलं. शाळेत बाईंनी पोरीला शेवटच्या बाकावर बसवलं, कारण म्हणे बाकीची पोरं तिला बघून हसतात. म्हणजे हसणाऱ्यांना पुढचा बाक आणि हिला मागचा. असला न्याय.

स्वप्नाली तिची आई. कसबा बावड्यात घरीच बायकांचे ब्लाऊज शिवायची. मशीनवर बाही जोडता जोडता तिचे कान त्या 'हुं'कडे लागलेले असायचे. सुरुवातीला तिनंही दटावलं होतं, एकदा तर उडणाऱ्या खांद्यावर फटका दिला होता. फटका बसल्यावर खांदा आणखी दोनदा उडाला. पोरगी रडली नाही, नुसती म्हणाली, "मम्मी, मी न्हाय करत. ते आपोआप हुतंय." त्या दिवसापासून स्वप्नालीनं हात उचलला नाही, पण तो एक फटका तिला आतून खात राहिला.

उपाय सांगणाऱ्यांचा तोटा नव्हता. शेजारची तानाबाई दारातूनच म्हणाली, "वाडीला न्या की. देवाच्या आरतीला उभी करा, काय अंगात असंल ते पळून जातंय." स्वप्नालीच्या सासूबाई, शेवंताबाई, उंबऱ्यातच आडव्या उभ्या राहिल्या. "आमच्यात तसलं करत न्हाईत, तानाबाई. आमी डाक्टरला दावतोय." त्या घराला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. सासरे, आबा, कागल भागातल्या शाळांत अडतीस वर्षं मास्तर होते. विहारात भाषण करायला उभे राहिले की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, कारणाशिवाय काही घडत नाही, कारण शोधा. अंगारा, लिंबू, उतारा या घराची पायरी कधी चढला नव्हता.

तर कारण शोधायला हे लोक बाहेर पडले. बालरोगवाल्यानं मोबाईल बंद करायला सांगितला. डोळ्यांच्या डॉक्टरनं बिननंबरचा चष्मा दिला. तिसऱ्यानं फिटचा संशय घेऊन एक औषध सुरू केलं, त्यानं पोरगी जेवता जेवता ताटात डोकं टेकून झोपायला लागली. पण हे आहे काय, ते कुणी सांगेना. स्वप्नालीला औषध नको होतं, एक नाव हवं होतं. पोरीच्या मेंदूत काही वाढतंय की काय, या विचारानं ती रात्री उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवून बघायची.

आणि ते नाव घरातच बसलं होतं.

फेब्रुवारीतला रविवार. सोप्यात आबा पेपर वाचत होते, त्यांच्या पायाशी दीक्षा चित्रं रंगवत होती. स्वप्नाली समोर काजं-बटणं करत होती. दीक्षाचा खांदा उडाला, हुं. जरा वेळानं आबांचा खांदा उडाला आणि ते खाकरले. स्वप्नालीनं सुई तशीच धरली. सात वर्षं ती हे खाकरणं ऐकत होती. सगळं गाव म्हणायचं, मास्तरांच्या घशात खडूची पूड बसलीय. पण तोच खांदा, तोच झटका, तीच मान. पुन्हा झालं. आबांनी पेपरावरून तिच्याकडे बघितलं, आणि तिनं बघितलंय हे त्यांना कळलं. पेपर घडी करून ते परसात गेले.

ती मागोमाग गेली. आबा नळाशी पाय धूत होते, धुतलेलेच पुन्हा धूत होते.

"आबा, तुमाला कधीपास्नं हाय?"

आबांनी घराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "सात वर्साचा असताना सुरू झालं. मास्तरनं महिनाभर हात बांधून बसवलं मला. पोरं फडफड्या म्हणायची. मग मी ते खोकल्यात घालायला शिकलो. जात न्हाय पोरी ते. कमी हुतंय, आन लपतंय."

"मग डाक्टरला सांगूया की. तुमी एवढं वय काडलंय, तुमाला काय झालंय? म्हंजी तिलाबी काय हुणार न्हाय." स्वप्नालीला हसावं की रडावं कळेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचा धोंडा हलला होता.

आबांनी नळ बंद केला. "प्रियाचं एकदा होऊ दे."

प्रिया म्हणजे प्रियदर्शनी, आबांची धाकटी लेक, स्वप्नालीची नणंद. एमएस्सी, बीएड, तिशी गाठलेली. दोन जमलेली स्थळं मोडली होती. आता इचलकरंजीचा इंजिनियर मुलगा, सुपारी फुटलेली, एप्रिलमध्ये लग्न. आणि सोयरीक म्हटली की पावणं काय काय विचारत फिरतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. घराण्यात कुणाला कोड, कुणाला वेड, कुणाला फिट. हुंडा नको म्हणणारी, पत्रिका न बघणारी माणसं सुद्धा हे एक विचारतात, अगदी हळू आवाजात, तिसऱ्याच माणसाला. आजोबाला आहे, नातीला आहे म्हटल्यावर मधल्या पिढीतली पोरगी कोण करून घेणार? दीक्षाला घशाच्या तापानं झालंय, असं पावण्यांना सांगून झालं होतं.

"दोन महिनं," आबा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "तेवढं दोन महिनं सांबाळ. पाया पडतो तुझ्या."

सासऱ्यानं सुनेला असं म्हणावं. प्रिया तिच्या पाठच्या बहिणीसारखी होती, दीक्षाला झोपेत सुद्धा मांडीवर घेणारी. स्वप्नालीनं मान हलवली. पुढं जे झालं त्यात तिचा वाटा त्या मान हलवण्याचा, आणि तो तिनं स्वतःला कधी माफ केला नाही.

साखरपुड्याला मुलाची आत्या आली. झुंबरबाई, शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर. जय भीम झाला, चहा झाला, आणि तिची नजर दीक्षावर गेली. "काय हुतंय हिला?" शेवंताबाईंनी तापाचं सांगितलं. "आगं मग आमच्या मेंदूच्या सायबांना दावा की. बाहेरच्याला दोन दोन महिनं नंबर मिळत न्हाय. आपली मान्सं असताना कशाला थांबायचं? मी लावतो नंबर." माया होती की चौकशी, कोण जाणे. नको म्हटलं तर संशय, हो म्हटलं तर पंचाईत. स्वप्नालीचा नवरा संग्राम हो म्हणून बसला, आणि चौथ्याच दिवशी नंबर लागला.

मोठा डॉक्टर खरंच चांगला होता, हे सांगायलाच हवं. घाई नाही, मोबाईल नाही. पोरीला त्यानं शेजारी बसवलं, तिच्या नखांवरच्या रंगाचं कौतुक केलं, मग एकेक विचारत गेला. कधी सुरू झालं, झोपेत होतं का, आधी काय होतं. मग त्यानं पेन उचललं.

"घरात अजून कुणाला असं आहे? आई, वडील, आजी, आजोबा, काका, आत्या? डोळे, खांदा, सारखं खाकरणं? लहानपणी असून गेलं असलं तरी सांगा. फार महत्त्वाचं आहे."

झुंबरबाई फाईल घेऊन टेबलाशीच उभी होती.

"न्हाय साहेब," संग्राम म्हणाला.

डॉक्टरनं आबांकडे बघितलं. आबा खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात मांडीखाली, जबडा आवळलेला, कपाळावर घाम. खोलीत आल्यापासून ते एकदाही खाकरले नव्हते. त्यासाठी त्यांना काय करावं लागत असेल ते फक्त स्वप्नालीला दिसत होतं, आणि दीक्षाला.

"आमच्या घराण्यात कुणालाही नाही," आबा म्हणाले. शाळेतल्यासारखं, स्पष्ट, एकेक शब्द सुटा.

डॉक्टरनं लिहिलं. लिहून झाल्यावर त्याचा चेहरा बदलला. घरात कुणाला नाही, तापानंतर अचानक सुरू झालं, आणि हल्ली पोरगी सुस्त पडून असते. ती फिटच्या औषधानं पडते हे स्वप्नालीनं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "असेलही. पण मेंदूला सूज नाही ना, ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला घरी पाठवू शकत नाही. पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढावं लागेल. उद्या भरती करा."

स्वप्नालीनं तोंड उघडलं. टेबलाखाली संग्रामनं तिच्या पायावर पाय ठेवला. तिनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, झुंबरबाईच्या ओळखीवर, स्वप्नालीला आत जाऊ दिलं. पोरीला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि मान वाकवून घट्ट धरायची, असं तिला सांगितलं. झुंबरबाई पलीकडून धरून होती. दीक्षाला सुई दिसली नव्हती, पण पाठीला गार बोळा लागला तशी ती समजली.

"मम्मी, मला का?" ती म्हणाली. "आबांनाबी हुतंय की. आबांना टोचा आदी."

झुंबरबाईनं मान वर केली. "काय म्हणतीया?"

आणि स्वप्नाली, जिनं तीन महिने एका उत्तरासाठी शहर पालथं घातलं होतं, ती म्हणाली, "भ्यालीया ओ. कायबी बोलतीया." मग वाकून पोरीच्या कानात म्हणाली, "गप. असं बोलायचं न्हाय. आबांना काय न्हाय. कळलं?"

दीक्षानं तिच्याकडे एकदा बघितलं. नंतर ती ओरडली, पण बोलली नाही. ऐन वेळी खांदा उडाला, सुई काढावी लागली. परत घातली. तिसऱ्या वेळी पाणी आलं. बाहेर व्हरांड्यात आबा भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि तिथं कुणी ओळखीचं नसल्यानं त्यांचा खांदा सारखा उडत होता.

रिपोर्टात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाला, सूज नाही, पण कारण सांगता येत नाही, फिटचं औषध मात्र बंद करा. आठ दिवस पोरगी डोकं धरून पडून होती. उठली ती वेगळीच. खांदा उडायचा कमी झाला, घरच्यांना बरं वाटलं. स्वप्नालीला नंतर कळलं की दीक्षा तो धरून ठेवते. कुणी आलं की हात मांडीखाली घालून बसते, आणि मग मोरीत जाऊन, दार लावून, दहा-दहा मिनिटं सगळं बाहेर काढते. सहा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं नव्हतं तरी कसं म्हणायचं?

लग्न थाटात झालं. प्रिया रडत रडत गेली, सुखानं नांदते. पाचपरतावन झालं, प्रिया माहेरी येऊन परत सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धोतर-सदरा घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला. पोरीला घ्या. आज मी सांगतो." नंबर नव्हता. चार तास बाकावर बसले, कुणाची ओळख काढली नाही.

डॉक्टरपुढं त्यांनी सगळं सांगितलं. सात वर्षांचे असल्यापासूनचं, हात बांधल्याचं, फडफड्या नावाचं, खडूच्या पुडीचं. सांगताना त्यांनी काही धरून ठेवलं नाही. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"गुरुजी, हे त्या दिवशी सांगितलं असतं तर हिच्या पाठीत सुई गेली नसती."

"व्हय," आबा म्हणाले.

मग डॉक्टरनं ते सांगितलं, जे ऐकायला स्वप्नालीनं एवढे उंबरे झिजवले होते. याला टिक्स म्हणतात. पुष्कळ वेळा घराण्यातून येतं. जिवाला धोका नाही, डोकं शाबूत असतं, बहुतेक पोरांत मोठं होता होता उतरतं. रागवायचं नाही, टोकायचं नाही, सारखं बघायचं नाही. शाळेला तो चिठ्ठी देणार होता, पोरीला पुढच्या बाकावर बसवा म्हणून. पाच मिनिटांचं काम. स्वप्नालीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडत राहिली.

डॉक्टरनं खुर्ची दीक्षाकडे वळवली. "बघ, तुझं आणि आजोबांचं सारखंच आहे. आजोबांना होतं तसंच होतं ना गं तुला?"

दीक्षाचे हात मांडीखाली होते. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण खांदा जागचा हलत नव्हता. तिनं आईकडे बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली. "आबांना काय न्हाय. मलाबी काय न्हाय."

"दीक्षा, सांग बाळा," स्वप्नाली म्हणाली. "खरं सांग. आता सांगायचं."

पोरीनं हात मांडीखाली आणखी आत सारले. तेव्हा आबा खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. साठ वर्षं जे त्यांनी खोकल्यात घातलं होतं, ते चार माणसांसमोर त्यांनी मोकळं सोडलं. खांदा उडाला, मान गेली, पुन्हा खांदा. "हे बघ, बाळा. माझ्याकडं बघ. मलाबी हाय. मी खोटं बोललो हुतो."

दीक्षानं डोळे घट्ट मिटून घेतले. "आबांना काय न्हाय," ती परत म्हणाली, आणि पाठ भिंतीला टेकवून बसली.