तिसरा सेल

रोबोच्या पाठीवरचं झाकण उघडं होतं. आत तीन चपटे, गोल सेल बसायचे. दोनच होते.

अमृताने कचऱ्याची पिशवी खाली ठेवली. ज्युनियर केजीच्या वर्गातली ख्रिसमसची पार्टी नुकतीच आटोपली होती. कोलशेतच्या या शाळेत ती सेविका होती आणि तिची अंतरा याच वर्गात अर्ध्या फीमध्ये शिकत होती. मुलांनी चिठ्ठ्या काढून एकमेकांना भेटी दिल्या होत्या. तीनशेच्या वर खर्च नको, असं शाळेने कळवलं होतं, पण ते कुणीच पाळत नसे. गेल्या वर्षी अंतराने दिलेली रंगपेटी समोरच्या मुलीने बाकावरच टाकून दिली होती. त्या रात्री अंतरा जेवली नव्हती. म्हणून यंदा अमृताने स्वतःच्या दाढेच्या इलाजासाठी साठवलेले अठराशे रुपये उचलले आणि कल्याणच्या बाजारातून हा दिवे लावत चालणारा रोबो आणला. अंतराच्या चिठ्ठीत नयनचं नाव निघालं होतं. ज्यांच्या शेतावर ही शाळा उभी राहिली, त्या दौलतशेठचा नातू.

ती गुडघ्यांवर बसली. सतरंजी उलटली, बाकांखाली हात फिरवला, रिबिनी आणि कापसाचा बर्फ चाळून काढला. प्रथमोपचाराच्या शिबिरात नर्स म्हणाली होती, असा सेल घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतो.

सापडेल, इथेच असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. तोंड उघडलं की पहिला प्रश्न येणार, हे आणलं कुणी? नोकरी जाईल. अंतराची शाळा जाईल. तिने पुन्हा सतरंजी झटकली. घड्याळात दहा मिनिटं गेली होती.

दाराशी नयन आईची वाट बघत बसला होता. पुढ्यातला केक तसाच होता. हनुवटीवर लाळ ओघळत होती.

"केक का नाही खाल्लास, बाळा?"

"टोचतंय," त्याने गळ्याला हात लावला.

अमृता तशीच बाहेर मुलांना पालकांकडे सोपवणाऱ्या निशा मिसकडे गेली.

"मिस, नयनने सेल गिळलाय. आम्ही दिलेल्या रोबोतला. त्याला पाणीसुद्धा देऊ नका. दवाखान्यात न्यायला पाहिजे, आत्ता."

नयनची आई पायल तेवढ्यात फाटकाशी आली होती. अंतराला मिसकडे सोडून अमृता नयनला घेऊन तिच्याच गाडीत बसली. कापूरबावडीला गाड्या खोळंबल्या होत्या.

"काय दिलंस तू माझ्या पोराला?"

"चांगला बघूनच आणलेला, वहिनी."

अमृता नयनच्या छातीवर हात ठेवून त्याचे श्वास मोजत राहिली.

एक्स-रेमध्ये घशाच्या खाली पांढरा गोल दिसला. नयनला लगेच आत नेलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले.

"निघाला. आत थोडं भाजलंय, ते भरून येईल. वेळेत आणलंत."

पायल तिथेच रडू लागली. मग तिने अमृताचा हात धरला.

"तू लगेच सांगितलंस म्हणून गं. मी तर त्याला घरी नेऊन झोपवलं असतं."

अमृताने मान खाली घातली. वर्गात तेव्हा दुसरं कुणी मोठं माणूस नव्हतं. गप्प राहिली तर हा हात असाच हातात राहणार होता.

"लगेच नाही सांगितलं, वहिनी," ती म्हणाली. "आधी दहा मिनिटं शोधत बसले. नोकरी जाईल म्हणून घाबरले."

पायलने हात काढून घेतला. मग ती आत मुलाकडे गेली.

थोड्या वेळाने नर्सने नयनचे बूट बाहेर आणून दिले. अमृताने ते दाराजवळ नीट जोडून ठेवले आणि पुन्हा बाकावर येऊन बसली.